मिरगाच्या आत स्लॅब? सांगलीतील एका रेडीमिक्स प्लांटचा वर्षभराचा अनुभव

विश्रामबागेतील आमच्या घरासाठी गेल्या वर्षी काँक्रीटची चार मोठी कामे झाली: पाया, दोन स्लॅब आणि पार्किंगची फरशी. चारही वेळा माल सांगली-मिरज परिसरातील एकाच रेडीमिक्स प्लांटकडून, म्हणजे काँक्रीट तयार करून गाडीने पाठवणाऱ्या कारखान्याकडून घेतला. ही कामे फेब्रुवारी, मे, जुलै आणि डिसेंबर या महिन्यांत पडली, ती काही ठरवून नव्हे. कर्जाचे हप्ते, सेंटरिंगवाल्याची सवड आणि घरातले एक लग्न यांनी ती तशी पाडली. पण त्यामुळे एक तुलना आपोआप हाती आली. प्लांट तोच, ग्रेड म्हणजे ताकदीची प्रतवारी तीच, एम-२५, गवंडी तेच, आणि तरीही चार वेळांचे काँक्रीट चार तऱ्हांनी वागले. प्लांटचे नाव येथे देत नाही, कारण तक्रारींतला काही वाटा त्यांचा असला तरी बराचसा वाटा आमच्या घाईचा आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे घर बांधणारा माणूस पावसाला नको इतका भितो आणि उन्हाला पुरेसा भीत नाही. मिरग लागायच्या आत स्लॅब पडलाच पाहिजे, हा आमच्या मिस्त्रींचा धोशा होता. ते जत तालुक्यातले, तीस वर्षे याच कामात मुरलेले, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे होते असेही नाही; ते त्यांच्या काळातल्या कामाला धरून होते. जागेवर मिक्सर लावून, घमेल्यांच्या साखळीने वर माल चढवायचा, तेव्हा पावसात स्लॅब टाकणे म्हणजे खरोखरच फजिती असे. रेडीमिक्सने हे गणित बदलले आहे, परंतु बोलण्यातला मिरग अजून हललेला नाही.

पायाचे काम फेब्रुवारीत झाले आणि त्याविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही, हेच त्याचे कौतुक. आमच्या प्लॉटवर वरचा थर काळ्या मातीचा. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. एप्रिल-मे महिन्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून ती काढून टाकून खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदाई करावी लागते, आणि हे खड्डे पावसाळ्यात उघडे ठेवण्यासारखे नसतात. कडा ढासळतात, तळाशी चिखल साचतो आणि तो चिखल नीट न काढता त्यावर बेडचे काँक्रीट ओतले की पुढची सगळी इमारत त्या चिखलाच्या भरवशावर उभी राहते. कृष्णेच्या पुराने सांगलीला २००५, २०१९ आणि २०२१ साली जे दाखवले, त्यानंतर जोत्याची उंची हा येथे चर्चेचा विषय राहिलेला नाही. परवडेल तेवढे उंच घ्यायचे. परंतु जोते कितीही उंच घेतले तरी पायाचे खड्डे जमिनीतच असतात, आणि त्यांच्यासाठी जानेवारी ते मार्च हाच काळ मला योग्य वाटतो. त्या दिवशी प्लांटच्या दोन्ही गाड्या वेळेवर आल्या, माल चांगला होता, दुपारी दीडला सर्व आटोपून मंडळी जेवायला बसली. कोरडी माती काँक्रीटमधले पाणी ओढून घेते म्हणून आदल्या संध्याकाळी खड्ड्यांना पाणी मारून ठेवण्याची आठवण प्लांटच्या माणसाने फोन करून दिली होती, हे आवर्जून नोंदवतो.

खरी गोष्ट मे महिन्याची आहे.

पहिला स्लॅब रोहिणी नक्षत्र लागायला आठवडाभर असताना पडला. क्षेत्र सुमारे ११०० चौरस फूट, जाडी ५ इंच, तुळया धरून १८ घनमीटर माल. म्हणजे ६ घनमीटरच्या तीन गाड्या. प्लांटने पहिली गाडी सकाळी आठची सांगितली होती. ती पावणेदहाला आली. कारण विचारले तेव्हा कळले की त्या दिवशी त्यांच्याकडे शहरात आणखी चार स्लॅबची नोंद होती, कारण सगळ्यांनाच मिरगाच्या आत उरकायचे होते. मे महिन्याचा हा दोष कोणी सांगत नाही. ऊन आणि वळीव राहू द्या. या महिन्यात प्लांट, पंप, सेंटरिंगच्या प्लेटा, जॅक आणि माणसे या सर्वांची ओढाताण असते आणि तुमच्या वाट्याला उरलेसुरले येते.

तिसऱ्या गाडीच्या चलनावर, म्हणजे मालाच्या पावतीवर, माल तयार झाल्याची वेळ ११ वाजून ५ मिनिटे होती. गाडी गल्लीच्या तोंडाशी पोहोचली तेव्हा पावणेएक झाला होता, आणि दुसऱ्या गाडीचा माल पंपाने उचलून संपेपर्यंत ती तशीच उन्हात मालाचा ढोल फिरवत उभी राहिली. रेडीमिक्ससाठीच्या भारतीय मानकात, आयएस ४९२६ मध्ये, पाणी मिसळल्यापासून दोन तासांच्या आत माल उतरवावा असे सर्वसाधारण बंधन आहे. उशिरा आवळण्याचे केमिकल घातले असेल तर ही मुदत वाढवता येते. केमिकल घातले आहे असे ड्रायव्हर म्हणत होता. चलनावर मात्र त्याचा उल्लेख नव्हता. माल पंपात पडेना, तसा पंपवाल्याने पाण्याचा पाइप उचलून सरळ ढोलात सोडला. मी हरकत घेतली, तर मिस्त्री म्हणाले, "साहेब, एवढ्या उन्हात पाणी न्हाई दिलं तर माल पायपात बसंल. मग पाइप कापत बसायचं का?" त्यांचेही खरे होते. पण पाइप चार-पाच मिनिटे चालू होता. माझ्या अंदाजाने ६० लिटर तरी पाणी गेले असावे, म्हणजे घनमीटरमागे १० लिटर. ३२० किलो सिमेंटला १६० लिटर पाणी हे मूळ प्रमाण धरले तर पाणी-सिमेंटाचे गुणोत्तर ०.५० वरून ०.५३ वर गेले. ऊन-पावसाला मध्यम प्रमाणात उघड्या असलेल्या सळईयुक्त काँक्रीटला आयएस ४५६ ही काँक्रीटची भारतीय संहिता जी कमाल मर्यादा घालून देते ती ०.५० आहे. आकडा किरकोळ दिसतो. तरीही एम-२५ चे पैसे मोजून शेवटच्या गाडीत त्याहून हलका माल घेतला, ही बोचणी कायम राहिली.

शेवटचा माल सव्वादोनला पसरला. पश्चिमेकडून कोरडे वारे सुटले होते. सळईला हात लावता येत नव्हता आणि कडेच्या, अजून माल न पडलेल्या लोखंडी प्लेटांवर पाणी मारले की ते दिसता दिसता उडून जात होते. तीनच्या सुमारास मी वर गेलो तेव्हा पश्चिमेच्या कडेला, तिसऱ्या गाडीच्या भागात, एकमेकींना समांतर अशा बारीक भेगा उमटलेल्या दिसल्या. प्रत्येक भेग हातभर लांब, नखाने चाचपावी एवढी रुंद. काँक्रीट अजून बुटाखाली दबत होते आणि तरीही तडकत होते, हे दृश्य मला नवीन होते. मिस्त्रींनी त्यावर सिमेंट भुरभुरून, पाणी शिंपडून, गुरमाळा फिरवला आणि भेगा नाहीशा झाल्या. म्हणजे दिसेनाशा झाल्या.

या भेगा पडण्यामागचे कारण पुढे भाच्याने समजावून सांगितले. तो मिरजेत स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. ताज्या काँक्रीटमधले थोडे पाणी सावकाश वर येत असते. ते वर येण्याच्या वेगापेक्षा उडून जाण्याचा वेग जास्त झाला की पृष्ठभाग आकसू लागतो, आणि अजून ताकद न आल्यामुळे तो फाटतो. दर चौरस मीटरमागे ताशी एक किलोच्या आसपास पाणी उडू लागले की धोका समजावा, असा ठोकताळा आहे. तापमान एकटे हे घडवत नाही. कोरडी हवा आणि वारा त्याला साथ देतात. म्हणूनच ३९ अंशांच्या दमट दिवशी जो स्लॅब धड राहील तो ३६ अंशांच्या, पण भर वाऱ्याच्या कोरड्या दिवशी तडकू शकतो. ४० अंशांवरील काँक्रीटकामाला आपली संहिता, आयएस ७८६१, उष्ण हवामानातले काम मानते आणि त्यासाठी पाणी थंड करणे, खडीवर सावली धरणे, काम सकाळी लवकर किंवा संध्याकाळी घेणे असे उपाय सांगते. आमच्या प्लांटने यांपैकी काय केले होते, असे मी त्यांच्या व्यवस्थापकांना विचारले. खडीवर पाणी मारतो, असे उत्तर मिळाले.

आणि मग, साडेपाचला, वळीव आला. ज्या पावसाच्या धाकाने आम्ही हा सगळा आटापिटा केला होता, तो नेमका त्याच दिवशी, नक्षत्राबिक्षत्राची वाट न पाहता आला. आधी धुळीची वावटळ, तिने ताडपत्री उचलून शेजाऱ्यांच्या पेरूच्या झाडावर नेऊन टाकली, आणि पाठोपाठ वीस मिनिटे टपोरा पाऊस. सकाळच्या गाड्यांचा भाग तोपर्यंत आवळला होता, त्याला काही झाले नाही. तिसऱ्या गाडीचा भाग मात्र देवीच्या वणांसारखा खड्ड्याखड्ड्यांचा झाला. सांगलीत एप्रिल-मेमधला पाऊस बहुधा असाच दुपार कलल्यावर, गडगडाटासह आणि वाऱ्यासह येतो. म्हणजे ज्या महिन्यात दुपारी सूर्य काँक्रीट भाजतो त्याच महिन्यात संध्याकाळी ढग ते झोडपतो. दोन्ही संकटे एका दिवसात देणारा दुसरा महिना निदान या भागात मला माहीत नाही.

पुढचे पंधरा दिवस स्लॅब ओला ठेवण्याच्या पाण्यासाठी गेले. ११०० चौरस फुटांवर आळी, म्हणजे छोटे बांध घातलेले चौकोन, करून दोन इंच पाणी भरायचे तर एका वेळी सुमारे ५००० लिटर लागते, म्हणजे एक टँकर. उन्हाने रोज सेंटीमीटरभर पाणी उडते असे धरले तर १००० लिटरची रोजची भर. बोअरचे पाणी मे महिन्यात निम्म्यावर आलेले, नळाला एक दिवसाआड पाणी. आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ आणि फ्लाय ॲश (औष्णिक वीज केंद्रातली राख) मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस ओलावा टिकवायचा असतो. कोरड्या-उष्ण हवेत हेच आकडे १० आणि १४ होतात. आमच्या मालात फ्लाय ॲश होती, म्हणून आम्ही चौदा दिवस धरले. दहाव्या दिवशी टँकर आला नाही आणि एक पूर्ण दुपार आळी कोरडी राहिली. त्यात सेंटरिंगवाल्याची आठव्या दिवसापासून भुणभुण: प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या होत्या. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी काढता येतात, पण ६ मीटरपर्यंतच्या तुळयांचे १४ दिवस ठेवावेच लागतात, आणि तेही साध्या सिमेंटसाठी. आम्ही तुळयांखालचे जॅक सोळा दिवस हलू दिले नाहीत, त्यामुळे त्याच्याशी झालेला अबोला अजून मिटलेला नाही.

आता गंमत पाहा. प्लांटने मे महिन्याच्या मालाचे क्यूब, म्हणजे ताकद तपासण्याचे ठोकळे, घेतले होते. १८ घनमीटरसाठी तीन नमुने आणि प्रत्येकी तीन क्यूब, अगदी नियमाप्रमाणे. २८ दिवसांचा अहवाल आला तेव्हा सर्व क्यूब पास होते. मी तो कागद भाच्यापुढे ठेवला, तसा तो हसला. "मामा, क्यूब पास झाले म्हणजे स्लॅब पास झाला असं नाही. तुमचे क्यूब सत्तावीस अंशांच्या पाण्यात बुडून बसले होते. स्लॅब कुठं होता?" दुसरा प्रश्न त्याने विचारला तो त्याहून मोलाचा: क्यूब कोणत्या गाडीतून, पाइप सोडण्याआधी भरले की नंतर? आधी भरले होते. त्यामुळे त्या अहवालाने प्लांटमधून निघालेला माल चांगला होता एवढेच सिद्ध होते, आणि ते मला मान्य आहे. आळ्यांत पाणी भरले होते तेव्हा पश्चिमेच्या खोलीच्या छताला मात्र तीन ठिकाणी ओल दिसली होती, बरोबर त्या पुसून टाकलेल्या भेगांच्या रेषेत. पुढे त्या जागी खाचा पाडून, पातळ ग्राउट भरून घ्यावे लागले. प्लांटने या खर्चातला काही भाग देण्यास नकार दिला. मालात जागेवर पाणी घातले गेले, सबब आमची जबाबदारी नाही, असे त्यांचे लेखी उत्तर आहे. पाइप ज्याच्या हातात होता तो पंपवाला त्यांचाच होता, हे मी लेखी कळवले. त्यावर उत्तर आले नाही.

एवढे झाल्यावर दुसरा स्लॅब, म्हणजे गच्चीचा, मी दिवाळीनंतर टाकणार होतो. भाच्याने जुलैतच टाका असे सुचवले तेव्हा घरात सर्वांनी त्याला वेड्यात काढले. मिस्त्री तर दोन दिवस कामावर आले नाहीत.

सांगलीचा जुलै म्हणजे महाबळेश्वरचा किंवा पाटणचा जुलै नव्हे, हे आपण विसरतो. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस येथे येईपर्यंत बराचसा ओसरलेला असतो. पूर येतो तो वरच्या पावसाने आणि धरणांच्या विसर्गाने. शहरात तेव्हा अनेकदा नुसती भुरभुर चालू असते. पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा ही दोन्ही नक्षत्रे आमच्याकडे बहुतेक अशी रिमझिमीचीच जातात. एवढे मात्र खरे की आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की गाड्या, खडी, माणसे सर्वच अडकतात, ४५ फुटांच्या धोका पातळीनंतर तर स्लॅबची गोष्टच नको. म्हणून आम्ही हवामान खात्याचा पाच दिवसांचा अंदाज आणि कोयनेच्या विसर्गाच्या बातम्या अशा दोन्ही पाहून दिवस पक्का केला.

या खेपेला प्लांटची सेवा इतकी निराळी होती की तीच माणसे आहेत यावर विश्वास बसेना. पावसाळ्यात त्यांच्याकडे काम कमी, त्यामुळे सकाळी साडेसातला सांगितलेली गाडी सात वाजून पस्तीस मिनिटांनी दारात. प्रत्येक गाडीचा स्लंप, म्हणजे माल किती पातळ आहे त्याची चाचणी, माझ्यासमोर घेतला. तो लोखंडी शंकू ३०० मिलिमीटर उंच असतो. त्यात माल भरून शंकू उचलला की ढीग किती खाली बसतो ते मोजतात. तिन्ही गाड्यांचा स्लंप ११० ते १२० मिलिमीटरच्या दरम्यान आला. बॅच रिपोर्ट, म्हणजे मालात काय किती घातले त्याची नोंद, मागितला तर दोन मिनिटांत मोबाइलवर आला, आणि त्यातली एक ओळ मला सर्वांत जास्त आवडली: वाळूतली ओल ४ टक्के, तेवढे पाणी वजा.

या वजाबाकीचे महत्त्व सांगितले पाहिजे, कारण पावसाळी कामासाठी रेडीमिक्स का घ्यावे याचे ते माझ्या मते सर्वांत मोठे कारण आहे. घनमीटरभर काँक्रीटमध्ये साधारण ७५० किलो वाळू किंवा क्रश सँड असते. तिच्यात ४ टक्के ओल असेल तर ३० लिटर पाणी वाळूबरोबर फुकट आत जाते. ६ घनमीटरच्या गाडीत १८० लिटर. प्लांटवर ही ओल मोजून तेवढे पाणी कमी करता येते. जागेवर मिक्सर लावणारा माणूस उन्हाळ्यात दोन बादल्या ओततो तशाच पावसाळ्यातही दोन बादल्या ओततो. शिवाय ओली वाळू फुगते, म्हणून घमेल्याने मोजली की प्रत्यक्षात कमी पडते. पावसात टाकलेले जुने स्लॅब गळतात ते आभाळातून पडलेल्या पाण्यामुळे कमी आणि या न मोजलेल्या पाण्यामुळे जास्त, असा माझा तरी आता समज झाला आहे.

पाऊस आलाच. सव्वाअकराला, शेवटचा एक गाळा बाकी असताना, चांगली सर आली. पंप थांबवला, टाकलेल्या भागावर जाड प्लास्टिक ओढले. या खेपेला त्यावर कडेने विटा नव्हे तर वासे ठेवले होते. मिस्त्रींनी माल कुठे थांबवायचा ते आधीच भाच्याकडून समजून घेतले होते: गाळ्याच्या मधल्या भागात, फळी उभी लावून सरळ कड करून, तुळईच्या तोंडाशी अजिबात नाही. पस्तीस मिनिटांनी पाऊस थांबला, प्लेटांवर साचलेले पाणी स्पंजने टिपून काढले आणि उरलेला गाळा पूर्ण झाला. तिसरी गाडी या सगळ्या वेळात गल्लीत उभी होती. पण २४ अंशांच्या ढगाळ हवेत तिचा माल पाइपातून मुकाट वर गेला, कोणालाही पाण्याचा पाइप आठवला नाही.

त्यानंतरचे चौदा दिवस मी आयुष्यात इतका निवांत राहिलो नसेन. नऊ दिवस आळी पावसाने आपसूक भरलेली राहिली. मध्ये पाच दिवस उघडीप होती तेव्हा तेवढे पाणी मारले. पावसाच्या भरवशावर राहून या उघडिपीत स्लॅब वाळू देणारी माणसे मी गल्लीतच पाहिली. गच्चीला अजून वॉटरप्रूफिंगचा कोबा झालेला नसताना परतीचा पाऊस येऊन गेला, ऑक्टोबरात दोन दिवस गच्चीवर पाणी तुंबले होते, आणि खालच्या छताला ओलीचा ठिपका नाही. मिस्त्रींनी छताकडे बराच वेळ पाहिले. "बसलाय खरा चांगला," एवढेच ते म्हणाले.

डिसेंबरातल्या पार्किंगच्या फरशीबद्दल माझी अपेक्षा सर्वांत जास्त होती, कारण थंडीचे दिवस काँक्रीटला उत्तम असे सगळेच सांगतात. ते बहुतांशी खरे आहे. परंतु प्लांटने येथे एक ढिलाई केली. उन्हाळ्यात माल उशिरा आवळावा म्हणून जे केमिकल घालतात त्याचे प्रमाण त्यांनी थंडीतही पुरेसे कमी केलेले नव्हते. बॅच रिपोर्टवरून हे स्पष्ट दिसत होते. सकाळी साडेदहाला पसरलेली फरशी संध्याकाळी सहा वाजले तरी घोटण्याजोगी झाली नाही. वर आलेले पाणी तसेच होते. अशा वेळी घाईने त्यावर कोरडे सिमेंट टाकून घोटले की फरशी दिसायला गुळगुळीत होते आणि वर्षभराने तिचा भुगा गाडीच्या चाकांना लागू लागतो. आमच्या दोन गवंड्यांनी शाली गुंडाळून, हॅलोजन लावून रात्री साडेनऊपर्यंत वाट पाहिली आणि मग गुरमाळा धरला, याबद्दल त्यांना वेगळी बिदागी दिली. फरशीला खाचा दुसऱ्या दिवशी सकाळी पाडल्या, दर १० फुटांवर, ५ इंच जाडीच्या चौथ्या हिश्शाइतक्या म्हणजे सव्वा इंच खोल. उन्हाळ्यात हेच काम त्याच संध्याकाळी करावे लागले असते, नाहीतर काँक्रीट आपली भेग आपणच शोधते.

थंडीतले आणखी एक लक्षात ठेवावे. टेकू काढण्याचे जे दिवस संहितेत दिले आहेत ते हवा १५ अंशांच्या खाली जात नाही असे गृहीत धरून आहेत, आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडच्या पहाटा त्याखाली जातात. स्लॅब असेल तर दोन-चार दिवस जास्त द्यावेत. शिवाय हिवाळ्यात घाम येत नाही म्हणून पाण्याची आठवण राहत नाही. दुपारची हवा मात्र चांगलीच कोरडी असते.

दराविषयी थोडक्यात. तो सिमेंट आणि डिझेलबरोबर बदलतो म्हणून आकडा देण्यात अर्थ नाही. बिलात घनमीटरचा दर, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि माल ठरावीक प्रमाणापेक्षा कमी असेल तर पंपाचे किमान भाडे अशा तीन बाबी असतात. तिसरी बाब बोलणीत सांगत नाहीत, बिलात दिसते. मे महिन्यात दर घासाघीस करूनही उतरला नाही. जुलैत न मागता थोडा उतरला.

एकूण या प्लांटला मी पाचापैकी साडेतीन गुण देईन: जुलैसाठी पाच, फेब्रुवारीसाठी चार, डिसेंबरसाठी तीन आणि मे महिन्यासाठी दोन, तेही क्यूब प्रामाणिकपणे भरले म्हणून. 

मागच्या बाजूची चाळीस फूट भिंत आणि जमिनीखालची पाण्याची टाकी अजून बाकी आहे. टाकीचा खड्डा काळ्या मातीतला म्हणून ती फेब्रुवारीत, आणि भिंत नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. याच प्लांटकडे नोंद केली आहे. सकाळची पहिली गाडी, केमिकलचे प्रमाण चलनावर, आणि ढोलात पाणी सोडायचे झाल्यास आधी माझी सही, एवढ्या तीन अटी त्यांच्या व्यवस्थापकांनी मान्य केल्या आहेत. तिसरी मान्य करताना ते किंचित थांबले होते.